अख्ख्या गावाला पित्ताचे खडे

राज्याचे सिनेटर प्रेंटिस शुक्रवारी दवाखाना बघायला येणार ही बातमी आली, तेव्हा बर्निताने आधी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले आणि मग फोन उचलला. बर्निता आमच्या हॅटन फ्लॅट गावच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, आणि तिच्या हातात फोन आला की गावात काहीतरी घडणार हे ठरलेले असते.

तिची अडचण खरी होती. मे महिन्यात आमचा माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. गव्हाची कापणी तोंडावर आलेली असते, यंत्रे खोलून पडलेली असतात, कुंपणे वाऱ्याने झोपलेली असतात. एरवीही तो फार येतो असे नाही. बोट यंत्राच्या पट्ट्यात सापडले तरी रुमाल गुंडाळून म्हणतो, "काही नाही, ठीक आहे." बायका त्याच्या वरताण. आणि प्रेंटिस यांनी तर वर्तमानपत्रातच म्हटले होते की खेड्यातले असले दवाखाने दिवसभर माश्या मारत बसतात.

दवाखाना चालवते मार्लिस ऑल्डेन. ती नर्स प्रॅक्टिशनर आहे. तपासणे, औषध लिहून देणे, टाके घालणे, सगळे तीच करते. पण आमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तिच्यावर देखरेख करणाऱ्या एका डॉक्टरचे नाव करारावर असावे लागते. ते नाव होते डॉ. ऑर्विल टीग यांचे. टीग दोन परगणे पलीकडे राहत. त्यांचे वय झालेले, आणि कापणीनंतर मी सुटलो, असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले होते. त्यांच्या जागी नाव द्यायला दुसरा डॉक्टर तयार होईना. ही अट काढून टाकणारे विधेयक प्रेंटिस यांच्या समितीपुढे धूळ खात पडले होते. प्रेंटिस स्वतः डोळ्यांचे डॉक्टर, आणि मूळ अट त्यांनीच लिहिलेली, तेव्हा तिच्यावर त्यांचा जीव. विधेयक पडले की कापणीनंतर दवाखान्याला कुलूप लागणार होते, आणि त्यापुढचे हॉस्पिटल दीड तासावर.

बर्निताने ठरवले की शुक्रवारी गाव आजारी पडेल. मार्लिसला तिने यातले काही सांगितले नाही, कारण मार्लिस सरळ मार्गाची बाई. तिने हे मुळातच मोडून काढले असते. चर्चच्या तळघरात कॉफीनंतर तालीम झाली. आमच्या लोकांना दुखतंय म्हणायची सवय नाही, त्यामुळे ते शिकवायला लागले. बर्निताला स्वतःला एकच आजार नीट ठाऊक होता, तो म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे तिचे पित्ताशयातले खडे. उजव्या बरगडीखाली कळ, ती मागे खांद्यापर्यंत जाते, तळलेले खाल्ले की वाढते. तिने तेच सगळ्यांना शिकवले आणि लोकांनीही मन लावून पाठ केले. एकटा डुएन म्हणाला की मला खोटे बोलता येत नाही. डुएन गावाची अँब्युलन्स चालवतो. त्याने यावर स्वतःच उपाय काढला. वासराचा पाय मोडला की बांधतात ती पट्टी गुरांच्या दुकानातून आणून त्याने घोट्यापासून मांडीपर्यंत गुंडाळली. ती वाळून दगड झाली.

शुक्रवारी सकाळी मार्लिस आली तेव्हा दवाखान्यासमोर गाड्या लावायला जागा नव्हती. काल चर्चमध्ये काही शिळे वाढले की काय, असे तिला वाटले. पहिल्या बाईला आत घेतले, दुसरीला घेतले, मग तिसरा आला. तिघांनीही उजव्या बरगडीखाली बोट ठेवले, तिघांचीही कळ खांद्यापर्यंत गेली. चौथ्याने डाव्या बाजूला हात लावला आणि बायकोने चिमटा काढल्यावर उजव्या बाजूला नेला. मार्लिस बाहेर येऊन बर्निताच्या टेबलापाशी उभी राहिली.

"बर्निता, हे तुझं दुखणं आहे."

"आता कसलं माझं, गावाचं झालं ते," बर्निता हळू आवाजात म्हणाली. "तू गप तपास. तो आलाय."

दारात प्रेंटिस उभे होते. उंच, सभ्य, वाऱ्याने केस विस्कटलेले. माणूस मूर्ख नव्हता, हे आमचे दुर्दैव. त्यांनी भरलेल्या खुर्च्या पाहिल्या, चेहऱ्यावर कौतुक आले, आणि मग ते एकेकाजवळ बसून विचारपूस करू लागले. पाचव्या खुर्चीपर्यंत कौतुक ओसरले होते. सातव्या खुर्चीनंतर त्यांनी मार्लिसला बाजूला घेतले. पित्ताचे खडे सर्दीसारखे पसरत नाहीत, ते म्हणाले, तेव्हा हे दुसरेच काहीतरी असणार, आणि बहुतेक पाण्यातून आलेले. राज्याच्या आरोग्य खात्याला आत्ताच्या आत्ता फोन करून गावाची विहीर बंद करायला हवी.

मार्लिसच्या तोंडचे पाणी पळाले. खरे सांगावे, तर गाव फसवणूक करताना पकडले जाते आणि दवाखाना हातचा जातो. गप्प बसावे, तर उन्हाळ्याच्या तोंडावर माणसांचे आणि गुरांचे पाणी बंद होते. प्रेंटिस फोनवर आकडे दाबू लागले. खोलीतल्या खोट्या कळा क्षणभर थांबल्या. बर्निता तर डुएनला आणि त्याच्या पायाला मागच्या दाराने बाहेर काढण्यात गुंतली होती, कारण डॉक्टर माणसाने वासराची पट्टी ओळखली असती.

तेवढ्यात डॉ. टीग आत आले. प्रेंटिसपुढे आपण हजर असावे म्हणून ते पहाटेपासून गाडी हाकत आले होते. कोपऱ्यातली एक खुर्ची त्यांनी धरली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि गप्प बसले. खात्याचा फोन काही लागत नव्हता, म्हणून प्रेंटिस यांनी या नव्या म्हाताऱ्यालाही विचारले की तुम्हालाही उजवीकडेच दुखते का.

"नाही बुवा," टीग म्हणाले. "काही नाही. ठीक आहे."

मार्लिसने मान वळवली. सकाळपासून त्या खोलीत ठीक आहे असे म्हणणारा हा पहिला माणूस होता. बाहेर गार वारा सुटलेला असताना त्याच्या कपाळावर घाम होता, आणि डावा हात त्याने मांडीवर असा ठेवला होता की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. तिने जाऊन त्यांचा दंड धरला. टीग म्हणाले की वाटेत पेट्रोल पंपावर सॉसेज खाल्ले, तेच बाधले असेल, आधी या लोकांना बघ. तिने ऐकले नाही. त्यांना आत टेबलावर निजवले, छातीला तारा लावल्या, आणि यंत्रातून कागद बाहेर येऊ लागला. ज्या माणसाने तिला इतकी वर्षे शिकवले, कधी एकदाही अपमान केला नाही, तोच समोर पडला होता. प्रेंटिस तिच्या खांद्यावरून बघत होते. हार्ट अटॅक आहे, मोठा आहे, यावर दोघांचे दुमत नव्हते.

पेशंट न्यायला बोलावलेल्या हेलिकॉप्टरवाल्यांनी सांगितले की या वाऱ्यात उडता येणार नाही. रक्तातली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कपाटात होते. दीड तासाच्या रस्त्याआधी ते देणे भाग होते.

"द्या," प्रेंटिस म्हणाले. "मी डॉक्टर आहे, मी सांगतोय."

"तुमचं नाव करारावर नाही, साहेब," मार्लिस म्हणाली. इंजेक्शन तिने हातात घेतले होते. "जोखमीच्या औषधाला करारावरच्या डॉक्टरांनीच सांगावं लागतं. तेही दवाखान्याच्या फोनवर, रेकॉर्ड होईल असं. नाहीतर माझं लायसन्स जातं आणि दवाखानाही."

ते कलम कोणी लिहिले हे खोलीत तिघांनाही ठाऊक होते. मार्लिसने दाराकडे तोंड करून, वर्षानुवर्षांच्या सवयीने हाक मारली की बर्निता, डॉक्टरांना फोन लाव. मागच्या दाराने नुकतीच परतलेली बर्निता टीग आल्याचे जाणतही नव्हती. तिने फोन लावला.

टीग यांच्या शर्टाच्या खिशात घंटी वाजली.

मग टीग यांनी तारांमधून वाट काढत फोन बाहेर घेतला.

"टीग बोलतोय."

"डॉक्टर, इथे हार्टचा पेशंट आलाय," भिंतीपलीकडून आणि फोनमधून बर्निताचा आवाज एकदमच आला. "मार्लिस विचारतेय, ते गुठळीचं इंजेक्शन देऊ का."

"पेशंट कसा आहे?"

"ते तिने नाही सांगितलं. तुम्हाला यायला किती वेळ लागेल?"

"आलोच आहे," टीग म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता. "तिला म्हणावं दे." मग त्यांनी मार्लिसकडे पाहिले. "आणि पोरी, मला विचारत बसू नकोस पुन्हा."

मार्लिसने इंजेक्शन दिले. प्रेंटिस यांनी सलाईनची बाटली धरून ठेवली. नंतर ते बाहेर येऊन म्हणाले की अँब्युलन्स काढा, आणि ड्रायव्हर म्हणून डुएनला पुढे करण्यात आले. त्याचा पाय गाडीच्या दारातून आत जाईना. प्रेंटिस यांनी त्या पायाकडे पाहिले, मग खुर्च्यांकडे पाहिले, आणि विचारले की इथे गाडी चालवता येणारे दुसरे कोणी आहे का.

अख्खी खोली उभी राहिली. कोणाचा हात बरगडीवर नव्हता, कोणी वाकलेले नव्हते. कोणीतरी तर तोवर किल्ल्याही घेतल्या होत्या. डॉ. टीग यांच्या हातून आमच्यातली निम्मी माणसे जन्माला आलेली. त्या वेळी कोणाला पित्ताशय आठवणार होते? गाडी मार्लिसला आणि टीगना घेऊन धुरळ्यात दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे एकेकाच्या लक्षात आले. मग काहींनी पुन्हा बरगडी धरली. त्यातल्या दोघांनी डावी धरली.

प्रेंटिस यांनी फोन खिशात ठेवला. विहिरीचे प्रकरण तिथेच मिटले. दवाखान्याचे मात्र पेटले. ते अजिबात ओरडले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. या तमाशाबद्दल समितीत जे सांगायचे ते मी सांगेनच, ते म्हणाले. शिवाय आजच्या प्रसंगाने त्यांचेच म्हणणे खरे ठरले होते. कायद्याप्रमाणे डॉक्टरला विचारले, आणि डॉक्टरने पहिल्याच घंटीला उत्तर दिले.

"डॉक्टर खोलीतच होते साहेब," बर्निता म्हणाली.

"तो मुद्दा नाही."

बर्निताने मान हलवली आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. करारावरचा डॉक्टर आडवा पडला की दवाखाना त्या घटकेपासून बंद, हेही त्याच कायद्यात होते. ती पडदे ओढू लागली. डुएन दाराशी एका पायावर उभा होता. त्याने विचारले की बंद करण्याआधी एखादी कात्री मिळेल का.

प्रेंटिस यांनी खाली पाहिले. पट्टीच्या टोकाला डुएनच्या पायाची बोटे जांभळी झाली होती.

"दुखतंय?" त्यांनी विचारले.

"काही नाही," डुएन म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. "ठीक आहे."

प्रेंटिस यांनी अंगातला कोट काढला. दवाखान्यातल्या कात्रीने त्या पट्टीला ओरखडाही येईना, तेव्हा डुएनच्याच गाडीतली पत्रा कापायची कात्री आणवली. ते गुडघ्यावर बसून घाम गाळत होते, आणि डुएन छताकडे बघत वाऱ्याबद्दल बोलत होता. पट्टी निघाली, बोटांत रंग परत आला, तेव्हा प्रेंटिस भिंतीला टेकून खाली बसले. इथे सगळे असेच बोलतात का, त्यांनी विचारले.

"इथे कोणी ठीक आहे म्हणाला, की आम्ही गाडी काढतो," बर्निता म्हणाली, आणि त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. मग अगदी सहज चौकशी केल्यासारखे तिने विचारले, "साहेब, तुमचं डॉक्टरकीचं लायसन्स चालू आहे ना?"

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, प्रेंटिस म्हणाले. कायद्यात कसला डॉक्टर ते लिहिलेले नाही, हे बर्निताने नम्रपणे दाखवून दिले. त्यांनी कॉफी संपवली. शेवटी फक्त दुसरा कोणी मिळेपर्यंत, असे बजावून त्यांनी करारावर सही केली. दुसरा कोणी मिळणार नाही, हे सांगायची बर्निताला गरज वाटली नाही.

डॉ. टीग वाचले. हॉस्पिटलवाल्यांनी सांगितले की इंजेक्शन हॉस्पिटलात पोचल्यावर दिले असते तर उशीर झाला असता. मार्लिस त्या दिवशी परत येताना अँब्युलन्समध्ये एकटीच बसून रडली, हे डुएनच्या चुलतभावाने सांगितले. गाडी तोच चालवत होता.

मग कापणी लागली. कापणीत आमच्या दवाखान्यात दुखावलेले हात, पाय, डोळे, पाठी, सगळेच नाइलाजाने येते. बर्निताने कायदा पाळायचा ठरवला होता, आणि तिने तो अक्षरन्‌अक्षर पाळला. झोपेची गोळी, खोकल्याचे कडक औषध, इन्शुलिनचा नवा डोस, प्रत्येकाला फोन. प्रेंटिस न्हाव्याच्या खुर्चीत असोत, प्रार्थनेत असोत, की कोणाच्या डोळ्यात दिवा धरून असोत, खिसा वाजायचाच. एकदा त्यांनी विचारले की मार्लिसला जे योग्य वाटते ते ती करत का नाही. बर्निताने त्यांना कलम वाचून दाखवले.

समितीची बैठक झाली तेव्हा ती थेट बघायला चर्चच्या तळघरात पडदा लावला होता. पुढच्या खुर्चीत डॉ. टीग, मीठ बंद म्हणून वैतागलेले. शेजारी मार्लिस, हाताची घडी घट्ट घालून. पडद्यावर प्रेंटिस दिसले. डोळे आत गेलेले, दाढी एका गालावर राहिलेली. बोलता बोलता दोनदा त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. एका सदस्याने विचारले की आपण स्वतः सध्या अशा एका दवाखान्यावर देखरेख करता म्हणे, तर या अटीचा काही त्रास होतो का?

प्रेंटिस यांनी पाण्याचा घोट घेतला.

"काही नाही," ते म्हणाले. "ठीक आहे."

तळघरात प्रत्येकाने ते बोलणे ओळखले. डॉ. टीग यांनी मार्लिसच्या हातावर हात ठेवला. मतदान अजून व्हायचे होते, पण बर्निता उठली आणि सगळ्यांसाठी कॉफी टाकायला गेली.