पिवळ्या दिव्यावरील स्वारी

श्रीगजवदन साह्य असो. भाईंदर पूर्व, इंद्रलोक, सहावा मजला येथील सौभाग्यवती मनोरमाबाईसाहेब यांणी आम्हांस समोर बसवून, चहा देऊन आज्ञा केली जे, आमचे यजमान राजश्री गुणवंतराव यांणी गाडीचे बाबतीत जी मोहीम केली तिचे वर्तमान ते लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी आणि सोसायटीचे सभेत नित्य नवे करून सांगतात, आणि दर खेपेस शत्रू मोठा होतो आणि स्वतः अधिक शहाणे होतात. दोन महिने ऐकिले, आता कान किटले. तरी जैसे घडले तैसे लेहून ठेवणे. आम्ही सोसायटीचे चिटणीस. वीस वर्षे टाकी आणि गळती यांचे ठराव लिहून हात बसलेला, तो हा मजकूर साद्यंत लिहितो. यांत पदरचे काही घातले नाही.

गुणवंतराव टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे तारा जोडून निवृत्त जाहले, आणि मग मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःस घरगुती मेकॅनिक म्हणवू लागले. आजवर त्यांणी वायपर दोन वेळा आणि हॉर्न एक वेळ सर केला होता, त्या बळावर कोणा गॅरेजवाल्यास ते मोजीत नसत. पदरी पांढरी हॅचबॅक, वय वर्षे चौदा. नावावर त्यांची, परंतु अंमल बाईसाहेबांचा. कारण बाईसाहेब एकावन्नावे वर्षी याच गाडीवर चालवावयास शिकल्या, आणि दर बुधवारी पूल ओलांडून उत्तनास जाऊन ताजी मासळी घेऊन येत, वाटेत कोणाचे बोलणे ऐकत नसत. आयुष्यात हे एवढेच आपले म्हणोन त्यांस वाटे. खंडेनवमीस गाडीस हार घातला, नारळ वाढविला, आणि इंजिनानेही गोड खावे म्हणोन गुणवंतरावांनी बॉनेट उघडून आत पेढा ठेविला. तेसमयी बाईसाहेब काही बोलल्या, ते योग्य ठिकाणी येईल.

पुढे भाऊबीज उरकून परत येताना उभयतांचे डोळ्यांदेखत गाडीचे इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेना. ठाण्यास राहणारे चिरंजीव पराग यांस हे कळतांच त्यांणी फोनवरून फर्मान सोडिले जे, गाडी म्हातारी जाहली, आता खर्च नको. रविवारी दहा वाजता वसईचे दलाल सूरजशेट यांस घेऊन येतो, दिवा विझला असेल तर ठेवा, नसेल तर जाग्यावर विकणे. बाईसाहेब ओट्याशी जाऊन भांडी घासू लागल्या, जी कामवालीने सकाळीच घासली होती. गुणवंतरावांनी ते पाहिले. मग बनियनवर शर्ट चढवून प्रतिज्ञा केली जे, गॅरेजास हात लावू देणार नाही, रोग आपण हुडकू, त्यास एक स्कॅनर मात्र पाहिजे.

स्कॅनर म्हणजे गाडीचे पोटात काय दुखते ते आकड्यांत सांगणारे यंत्र. ते कोणते घ्यावे म्हणोन सोसायटीचे ग्रुपवर मसलत मांडिली, तो साठ जणांनी सल्ला दिला, त्यांत गाडी बाळगणारे अकरा. खजिनदार पिंटू, वय बावन्न, तरी लोक पिंटूच म्हणत, यांणी आपणाकडील निळी, काड्यापेटीएवढी, बिनतारी डबी कुमकेस दिली आणि ऑनलाइन स्वस्तात पडली म्हणोन फार वाखाणिली. ती स्टिअरिंगखाली जोडावयाची, परंतु तेथे वाकतांना रावसाहेबांचे पोट आडवे आले, सबब बाईसाहेब पदर खोचून खाली शिरल्या आणि जोडणी करून बाहेर आल्या. मग मोबाइल हाती घेऊन उभयता बसले. "जोडणी सुरू आहे" ऐसे अक्षर उमटले आणि तास गेला, आणि पिंटूशेट म्हणाले, "काका, माझ्याकडे पण असंच दाखवतं, पण चालतं." दोन वर्षांत ते कधी चालिले होते, हे विचारता त्यांस दळण आणावयाचे आठवले.

दुसरे दिवशी खासा स्वारी केबिन रोडास निघाली. तेथे काशीनाथ यांचे गाडीचे विजेचे सामानाचे दुकान. यांचे वडील मिठागरात ओले, फुगलेले मीठ पारखीत राबले, त्यामुळे उगाच फुगविलेला माल हे लांबून ओळखतात. गुणवंतरावांची नजर दुकानात शिरतांच एका टॅबलेटएवढ्या यंत्रावर गेली. त्याची पेटी काळी, आत मखमल, वायरी सोळा, आणि ते पाच खंडांतील गाड्यांची नाडी पाहते ऐसी ख्याती. किंमत ऐकता गाडीपेक्षा यंत्रच विकावे ऐसे कोणासही वाटले असते, परंतु रावसाहेब पेटीवरून हात फिरवीतच राहिले. काशीनाथ गल्ल्यावरून उठले.

"काका, येवरा मोठा कनाला पायजे? तुमची गारी एकच हाय," ते म्हणाले, आणि तळहाताएवढे, वायर असलेले, बटणांचे यंत्र पुढे ठेविले. "ह्यो घ्या. घरच्यासाठी बास हाय."

"याला जमेल ना सगळं?" रावसाहेबांनी पुसिले.

"ह्यो सांगल. करनार न्हाय. करायचा तुम्हालाच."

हे वाक्य सोन्याचे पत्र्यावर कोरून ठेवण्याजोगे होते. परंतु रावसाहेब यंत्राचे बटण दाबण्यात गर्क असल्याने त्यांणी ते ऐकिले नाही. घासाघीस करून हजाराचे आतबाहेर सौदा ठरला, वर काळी टेप फुकट मिळाली, आणि स्वारी घरी आली.

शनिवारी संध्याकाळी बाईसाहेब पुन्हा स्टिअरिंगखाली शिरल्या. या यंत्राने पळभरात मजकूर दिला: पी शून्य एक तीन पाच, म्हणजे धुराचे नळीवरील सेन्सरास जी वीज जाते तिचे वाटेत खंड आहे. बाईसाहेबांनी तो आकडा दुधाचे कूपनाचे पाठीवर टिपून घेतला. रावसाहेबांनी मात्र त्याच यंत्रावर "पुसा" ऐसे बटण पाहिले आणि दाबिले, आणि दिवा विझला. मग काय विचारता! ग्रुपवर विजयपत्र गेले, छत्तीस अंगठे आले, पिंटूशेट यांणी अभिनंदनाचा फलक टाकिला, आणि रावसाहेबांनी परागास कळविले की सूरजशेटना उगीच यायला नको. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, पण तुटलंय काय ते बघितलं का?" त्यावर त्यांणी हसून, ही तांत्रिक बाब आहे, ऐसे उत्तर दिले.

रविवारी सकाळी आठास गाडी काढून इंद्रलोकास दोन फेऱ्या मारिल्या, तो दिवा पुन्हा लागला. विजयास अजून पुरते सोळा तास जाहले नव्हते. रावसाहेब गाडी कडेस लावून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, त्यांस लाज वाटली आणि खरोखर रडू आले. परागाचा संदेश आला जे, दलालाची वेळ ठरली आहे, येतोच.

तेव्हा बाईसाहेब उतरल्या, बॉनेट वर केले, कूपन हाती घेतले आणि सेन्सराची वायर बोटाने चाचपीत निघाल्या. बॅटरीपाशी येतांच बोट थांबले. वायर कुरतडलेली, आतली तांब्याची तार उघडी, भोवती उंदराच्या लेंड्या, आणि बॅटरीचे मागे पेढ्याची कागदी वाटी. वर्तमान उघड जाहले. शत्रू पेढ्याचे वासाने आत आला, पेढा खाल्ला, जागा ऊबदार पाहून वस्तीस राहिला, आणि पेढा संपल्यावर जे मऊ सापडले ते खाऊ लागला. खंडेनवमीस बाईसाहेब हेच म्हणाल्या होत्या, "पेढा उचला तिथून, उंदीर येतील." ते निदान फुकट होते म्हणोन कोणी मनावर घेतले नाही.

आता या ठिकाणी रावसाहेबांविषयी एक खरे लिहिले पाहिजे. तुटकी तार समोर येतांच त्यांचा चेहरा पालटला. बॅटरी सोडविली, तारेवरचे रबर नखाने सोलिले, पदर पदरास वळून पीळ घातला, वर काशीनाथाची टेप ऐसी बसविली की सांधा डोळ्यास दिसेना. चौतीस वर्षे हे हात हेच करीत होते. बाईसाहेब टॉर्च धरून उभ्या होत्या, त्यांस आपले यजमानांचा फार अभिमान वाटला. आम्हांस हे सांगताना त्यांणी दोनदा डोळे पुसिले.

मग यंत्र लावून आकडा मिटविला. दहास पराग आणि सूरजशेट आले. बाईसाहेबांनी उभयतांस मागे बसविले, रावसाहेबांस शेजारी, आणि स्वतः चक्र धरून पूल ओलांडून थेट उत्तनापर्यंत गाडी नेली आणि परत आणिली. दिवा लागला नाही. पराग म्हणाले, "काय झालं होतं, बाबा?" रावसाहेबांनी तोंड उघडले, तो बाईसाहेब म्हणाल्या, "उंदीर. बाबांनी शोधला." फर्मान रद्द जाहले. सूरजशेट यांणी जातांना, हा स्कॅनर कुठून घेतला, एवढेच पुसिले.

येणेंप्रमाणे मिति कार्तिक मासी, रविवारी, पिवळा दिवा निर्मूळ जाहला आणि वायरचा स्कॅनर दौलतीत कायम जाहला. पुढे तह ठरला तो ऐसा: पेढा इंजिनास दाखवावा, आणि तेथेच उभे राहून गुणवंतरावांनी खावा.

त्या दिवशी बाईसाहेबांनी ती कागदी वाटी पर्समध्ये टाकिली होती, परागासमोर काढिली नाही. परंतु परवा लिफ्टमध्ये रावसाहेबांनी, उंदीर गटाराचे बाजूने आला आणि तो आपण आवाजावरून ताडिला, ऐसे आठव्यांदा सांगितले, तेव्हा त्यांणी आम्हांस बोलाविले आणि पर्स उघडली. पेढ्याची कागदी वाटी एक, कडेस दातांच्या खुणा, या लेखास टाचणीने जोडिली असे.