अख्खं अंडं

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. मी बाल्कनीत मोजे वाळत घालत होतो आणि एका मोज्याचा जोडीदार कुठे गेला असेल याचा विचार करत होतो. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ताई होती. (ताई फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाही. ती थेट निकाल वाचून दाखवते.)

“रविवारी येतोय आम्ही दोघं. तुझं सामान बांधायला.”

“मी कुठे निघालोय?”

“आमच्याकडे. मागची खोली रिकामी केली आहे. तुझ्या लेकीशी बोलणं झालंय माझं. घराला कुलूप लावायचं आणि निघायचं.”

“पण माझ्याशी कोणी बोललं का?”

“आता बोलतेय ना!”

हिला जाऊन आता बरेच महिने झाले. (मी अजून ‘ही’च म्हणतो. ‘ती’ म्हटलं की फार लांब गेल्यासारखं वाटतं.) तेव्हापासून ताईचं आणि माझ्या मुलीचं माझ्याविषयी एकमत झालं होतं, ते म्हणजे हा माणूस एकटा राहिला तर उपाशी मरेल. त्यांच्याकडे पुरावाही होता. मागच्या वेळी मुलीने फ्रिज उघडला तेव्हा त्यात एक लिंबू, डोळ्यांत घालायचे थेंब आणि माझा हरवलेला चष्मा एवढंच निघालं होतं. चष्मा सापडल्याचा मला आनंद झाला. तिला झाला नाही.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात काम करतो. नळाला पाणी नाही म्हणून ओरडत आलेल्या माणसाला ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ असं शांतपणे सांगणं, हे माझ्या हयातीचं कौशल्य. ताईलाही तेच सांगून फोन ठेवणार होतो. पण तोंडातून भलतंच निघालं.

“मी कुठेही येणार नाही. तुम्ही रविवारी जरूर या, लेकीलाही बोलावतो. चौघांचा नाश्ता मी करणार आहे. तो नीट झाला तर मी इथेच राहणार.”

“आणि नाही झाला तर?”

“तर बॅग मी स्वतः भरीन!”

फोनवर हात न ठेवताच ताई भावोजींना म्हणाली, “अहो, ऐकलंत का? हा नाश्ता करणार आहे म्हणे!” भावोजी “हं” म्हणाले. (भावोजी निवृत्त झाल्यापासून ‘हं’वरच भागवतात. आधीही फारसं वेगळं नव्हतं.)

आता प्रश्न होता, करायचं काय? पण मला फार विचार करावा लागला नाही. आमच्याकडे नाश्ता म्हणजे मायक्रोवेव्हमधलं अंडं. ही आदल्या संध्याकाळी अंडी उकडून फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी दोघांनाही कामावर पळायचं असायचं. मग ही एक अंडं सोलायची, सुरीने मधोमध कापायची, मीठ-मिरपूड भुरभुरवायची आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची. अर्धं माझ्या ताटलीत, अर्धं हिच्या. बरोबर लोणी लावलेला टोस्ट. माझ्या केसांतून कंगवा फिरेपर्यंत सगळं तयार. (तेव्हा कंगवा फिरायला बराच वेळ लागायचा, हेही खरं.)

अंडी मला उकडता येत होती. सालासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही, हेही मला माहीत होतं. राहता राहिलं कापणं. ते कशासाठी, हे तर उघडच होतं. आम्ही दोघांत एक खायचो, म्हणून कापायचं. आता वाटून घ्यायला कोण होतं? रंगीत तालमीसाठी मी एक अंडं सोललं आणि अख्खंच्या अख्खं आत ठेवलं. बाहेर आलं ते कोमट होतं, पण दिसायला झकास. मी ते ओट्याशी उभ्यानेच खाल्लं आणि ताईला मनातल्या मनात म्हणालो, ये तू रविवारी.

रविवारी ती आली. मागोमाग एक मोठी रिकामी बॅग उचलून भावोजी आले. मुलगीही आली. आल्या आल्या तिने फ्रिज उघडला आणि आत व्यवस्थित ओळीत अंडी बघून माझ्याकडे संशयाने पाहिलं.

“बाबा, हे कोणी ठेवलं?”

“या घरात राहतो त्याने.”

“मी काही मदत करू?”

“पाहुण्यांनी टेबलापाशी बसायचं असतं.”

मी टोस्ट भाजले. त्यातला एकच करपला, तो स्वतःच्या ताटलीत उलटा ठेवला. चार अंडी सोलली. अर्धीबिर्धी भानगड ठेवलीच नाही. प्रत्येकाला अख्खं! गरम करून आणली आणि एकेका ताटलीत एकेक मांडलं. मीठ, मिरपूड, बाजूला घडी केलेला रुमाल. मुलीचा चेहरा जरा सैल झाला. भावोजी “हं” म्हणाले, आणि त्या ‘हं’मध्ये मला स्पष्ट कौतुक ऐकू आलं.

ताईने बोटाच्या टोकाने अंड्याला स्पर्श केला.

“गार आहे.”

“कोमट आहे.”

“कोमट म्हणजे गारच. फ्रिजमधलं अंडं असंच वाढणार होतास का आम्हाला? याला नाश्ता म्हणतात?”

इथे मी शांत राहायला हवं होतं. तक्रार नोंदवून घ्यायला हवी होती. पण मला दिसत होती ती दाराशी ठेवलेली बॅग. मी चारही अंडी गोळा केली, एका काचेच्या बशीत घातली आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. “वाफाळतं देतो,” म्हणालो, आणि ज्या बटणाने वेळ वाढतो ते मनाचं समाधान होईपर्यंत दाबत राहिलो.

मशीन घुमत राहिलं. आतून एकदा बारीकसा ‘टुक’ असा आवाज आला. मला वाटलं, मशीनही खूश आहे.

अंडी बाहेर आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, चेहऱ्यावर काही नाही. मी ती पुन्हा ताटल्यांमध्ये वाढली आणि हात मागे बांधून उभा राहिलो. “घ्या. भावोजी, सुरुवात तुम्ही करा.”

भावोजींनी काटा उचलला आणि अंड्यात खुपसला.

फाट्!

आवाज एवढा मोठा होता की क्षणभर मला पाण्याची मुख्य लाइन फुटली असं वाटलं. (सवय.) डोळे उघडले तेव्हा भावोजींच्या हातात काटा होता आणि काट्यावर काही नव्हतं. चष्म्याची डावी काच पिवळी झाली होती. पांढरा भाग छतावर गेला होता आणि पंख्याच्या एका पात्यावर. ताईच्या केसांत चुरा पडला होता. आणि ताई, जी आजवर कोणाच्या बापाला घाबरलेली नाही, ती फ्रिजच्या उघड्या दाराआड उभी होती.

“भावोजी, भाजलं का कुठे?”

भावोजींनी चष्म्यासकट मान हलवली. नाही.

“अरे, अंडं आहे की बॉम्ब?” फ्रिजमागून ताई.

“तूच गार आहे म्हणालीस!”

“कोणी हलू नका,” मुलगी म्हणाली. “अजून तीन आहेत.”

तिन्ही अंडी आपापल्या ताटलीत निमूट बसली होती. कोणती गरीब आणि कोणती आतल्या गाठीची, काही कळायला मार्ग नव्हता. मुलीने लांब दांड्याच्या चमच्याने हलक्या हाताने ती एकाच ताटात ढकलली आणि वरून मोठं पातेलं पालथं घातलं. आम्ही चौघंही पातेल्याकडे पाहत उभे राहिलो. थोड्या वेळाने आत एकाने जीव दिला. पातेलं जागच्या जागी उडालं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्ही कापली का नाहीत?”

“प्रत्येकाला अख्खं द्यायचं होतं.”

“पण आई कापायची.”

“कापायचीच. आम्ही वाटून खायचो.”

“वाटून खायला नव्हे हो. फुटू नये म्हणून. माझ्या एकटीच्या डब्यातलं अंडंसुद्धा ती कापूनच गरम करायची. तेव्हा मी कोणाबरोबर वाटून घेत होते?”

मी पंख्याकडे पाहिलं. एवढी वर्षं रोज सकाळी मी माझं अर्धं खात आलो आणि मनात एक समजूत धरून बसलो होतो. आणि आता ही पोरगी मला सांगत होती की ते कापणं म्हणजे नुसती वाफेची सोय होती.

“मला नाही पटत,” मी म्हणालो.

“बाबा, न पटायला काय आहे त्यात? बलकात वाफ कोंडते आणि—”

“कापायची ती फुटू नये म्हणून. मान्य. पण फ्रिजमध्ये अंड्यांचा अख्खा ट्रे असायचा. दोन सोलता आली असती. एकच का सोलायची? सांग.”

ताई फ्रिजमागून बाहेर आली, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत राहिली. मग खसाखसा नाक पुसून म्हणाली, “ते काही असो. बॅग भर. असला माणूस मी एकटा सोडणार नाही.”

आणि तेव्हा भावोजी बोलले.

“याला आपल्या घरी न्यायचं नाही.”

“अहो!”

“नाही म्हणजे नाही. आपल्याकडे गीझर आहे, गॅस आहे, माझा नवा टीव्ही आहे. इथे जे फुटायचं ते फुटून गेलंय. राहू दे इथेच.” एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा “हं” म्हणाले.

अशा रीतीने मी जिंकलो. नाश्ता नीट झाला म्हणून नव्हे, तर मला घरात घ्यायची कोणाची छाती झाली नाही म्हणून. पण जिंकलो तो जिंकलोच. ताईने जाताना रिकामी बॅग इथेच ठेवली. “लागेल,” म्हणाली. मी तिच्यात कांदे ठेवले आहेत.

छत मुलीने पुसलं. मायक्रोवेव्हवर तिने माझा तोंडी वर्ग घेतला, आणि ‘आधी काप, मग ठेव’ हे माझ्याकडून शाळेतल्या पोरासारखं म्हणवून घेतलं. ताई रोज सकाळी फोन करून विचारते, “अंडं खाल्लंस ना? अख्खं?” मी ठणकावून सांगतो, “अख्खं!”

यात थोडा फरक आहे. मी रोज एकच अंडं सोलतो, मधोमध कापतो, मीठ-मिरपूड घालतो, गरम करतो आणि दोन ताटल्यांत वाढतो. हात आपोआप तसे जातात. माझं अर्धं मी खातो. दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.