वीरसेन राजाचं दुखणं

सन एकाहत्तरच्या पुरिम या ज्यू सणासाठी इस्रायलमधल्या किर्यात गात गावी स्थायिक झालेल्या मराठी ज्यू मंडळींनी मराठी नाटक बसवायला घेतलं आणि कापड गिरणीत मशीन सांभाळणाऱ्या नॅथन झिराडकरच्या वाट्याला थेट राजाची भूमिका आली. बारूख मास्तरांनी लिहिलेला हा वीरसेन राजा जेवत नाही, झोपत नाही, मेलेल्या भावाशी बोलतो आणि शेवटी मुकुट फेकून रानात निघून जातो.

"पण का जातो, मास्तर?"

"गर्व. दुसरं काय?"

"गर्विष्ठ माणूस दोन घास जास्तच खाईल. मला तर तो सिक वाटतो. डोक्यानं."

"मग डॉक्टरला विचार जा," मास्तर वैतागून म्हणाले.

नॅथनने ते मनावर घेतलं. त्याचं हिब्रू जेमतेम बाजारापुरतं, म्हणून राजाची लक्षणं त्याने मुलीला, सारितला, लिहायला सांगितली. सांगताना तो उभा राहिला आणि त्याचा आवाज आपोआप राजाचा झाला. "मला झोप नाही. माझा भाऊ मला हाक मारतो." सारितने जसंच्या तसं हिब्रूत उतरवलं. राजाचं नाव घालायचं मात्र राहून गेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि खुर्ची जवळ ओढली. "भाऊ काय म्हणतो?" त्यांनी हळूच विचारलं. इतकं मन लावून ऐकणारं माणूस नॅथनला या देशात प्रथमच भेटत होतं. त्याने मोडक्यातोडक्या हिब्रूत तिसरा अंक अर्ध्यापर्यंत करून दाखवला. बाईंनी चष्मा पुसला, दोन कागद लिहिले, एक आजाराचा तपशील असलेला, घरी ठेवायला, आणि एक नुसत्या रजेचा, गिरणीत द्यायला, आणि दोन आठवडे विश्रांती घ्यायला सांगितलं.

'तालमीसाठी सुट्टी! केवढी ही कदर,' असं मनाशी म्हणत नॅथनने एक कागद फोरमन दोवच्या हातात ठेवला.

संध्याकाळी बायको, शुलामिथ, दुकानात गिरणीतली बातमी ऐकून डोळे पुसतच आली. "उद्यापासून तुमची दाढी मी करीन," ती म्हणाली आणि वस्तरा तिने पदराआड लपवला. शेजारीण रश्शाचं पातेलं ठेवून पाय न वाजवता निघून गेली. सारितने उरलेला कागद वाचला. "अब्बा, हा तर गिरणीचा. मग तिकडे काय दिलंस?"

तेवढ्यात दार वाजलं. दारात दोव, हातात तो दुसरा कागद. रुमानियाहून आलेला हा माणूस आठ वर्षांत 'लवकर' याखेरीज नॅथनशी काही बोलला नव्हता. खुलासा करायला नॅथनने तोंड उघडलं, पण दोवच आधी बोलला.

"माझा भाऊ लढाईत गेला. मशीन सुरू झालं की मला त्याची हाक ऐकू येते. सव्वीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. ही डॉक्टर कशी आहे?"

नॅथनने खुलासा गिळला.

"चांगली आहे. ऐकून घेते. उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी दोवला आत पाठवण्याआधी त्याने बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग दोव आत गेला आणि तासभर बाहेर आला नाही.

पुरिमला दोव पहिल्या रांगेत होता. मराठीचा एक शब्द कळत नसतानाही शेवटपर्यंत हलला नाही. पडदा पडल्यावर तो आत आला आणि त्याने नॅथनचा हात धरला.

"आपलं दुखणं असं सगळ्यांसमोर दाखवायला धीर लागतो," तो म्हणाला. "राजाला बिचाऱ्याला कोणी डॉक्टरचा पत्ता दिला नाही. मला तू दिलास."

नॅथनने त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. शुलामिथने चहा आणला. दोवने दोन कप घेतले आणि तिसराही मागितला.