ओम्निबस मास्तर

आष्ट्याच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. आमचे शेजारी दस्तगीर मास्तर गर्दी रेटून आत चढायचे, सगळे रुमाल गोळा करायचे आणि नीट घड्या घालून ज्याचे त्याला परत द्यायचे. त्यांना कोणी शिव्या देत नसे, कारण निम्मी गाडी त्यांच्याच हाताखाली इंग्रजी शिकलेली. मीही.

"अरं गड्या, बस हे नुसतं शेपूट हाय," ते सांगत. "आख्खा शब्द ओम्निबस. लॅटिन! अर्थ काय? सगळ्यांसाठी. इंग्रजानं त्योच उचलला, कानडी माणूस बस्सु म्हणतोय, आपुन बस. पर 'रुमालासाठी' असा अर्थ कुठल्याबी भाषेत न्हाई!"

कंडक्टर हात जोडायचा. "आवं मास्तर, लॅटिन आवरा. सांगलीला जायाचंय."

सांगलीत मास्तरांचं काम काहीच नसे. जायचे, कृष्णाकाठी चहा प्यायचे, परत यायचे. रिकामपणाचे उद्योग, असं आम्ही म्हणायचो.

त्या दिवशी शेजारच्या सीटवरचा रुमाल माझा होता. पुढच्या थांब्यावर माझे साहेब चढणार होते. मास्तर आले ते लंगडत, गुडघ्याला पट्टी बांधून. रुमाल उचलून "ओम्नि..." एवढंच ते म्हणाले असतील, मी खेकसलो, "पुरे झालं तुमचं लॅटिन, मास्तर! शाळा सुटली आता."

गाडी खो खो हसली. मास्तरांनी रुमाल होता तिथे ठेवला, त्याची सुरकुती काढली आणि सांगलीपर्यंत दांडा धरून उभे राहिले. साहेब आलेच नाहीत. जागा रिकामी, आणि माझ्या तोंडून "या" एवढा शब्द निघेना. आजही ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड चुकवून आधीच्या गाडीनं जाऊ लागलो. दहाव्या दिवशी ती चुकली. नेहमीची गाडी खच्चून भरलेली. मास्तर खिडकीशी, आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर चक्क त्यांचा रुमाल!

"रोज तुमच्यासाठी धरत्यात," कंडक्टर म्हणाला. "कुणाला टेकू देत न्हाईत. लय भांडत्यात."

मास्तरांनी रुमाल उचलला. "ये रं. सगळ्यांत तूबी आलासच की." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरात बोलायला कोण न्हाई. म्हणून तर गाडीला येतो मी."

माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मास्तर, ओम्निबसचा अर्थ काय म्हणाला होता?"

सांगली येईपर्यंत ते सांगत राहिले. मला मान वर करता आली नाही.