कंट्रोलर काकांची मुरूडची गाडी

कंट्रोलर काका मला 'साडेसातची बीड' म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे म्हणतात, आणि घरी पाहुणे आले की त्यांच्यासमोरही म्हणतात. "हे आमचे साडेसातची बीड. हाफिसात हायत. लई सज्जन मानूस. गाडी अर्धा तास लेट झाली तरी कदी तोंड वाकडं केलं न्हाई."

काकांचं खरं नाव भानुदास गव्हाणे. पाटोद्याच्या बस स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी खिडकीतून पाहिलं ते त्याच्या गाडीच्या वेळेनुसार, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. आमच्या शेजारच्या कांबळे मॅडम कड्याच्या शाळेत शिकवतात, म्हणून त्या 'सव्वासहाची कडा'. पंक्चरवाले सलीमभाई कुठंच जात नाहीत, पण कोण कुठं गेलं याची त्यांना खडानखडा माहिती असते. ते 'चौकशी खिडकी'. माझ्या सासूबाई दोन दिवसांसाठी म्हणून आल्या आणि दीड महिना राहिल्या, तेव्हा काकांनी त्यांना 'मुक्कामी' ठरवलं. सासूबाईंना ते कळलं नाही हे आमचं नशीब.

काका एकटे राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात आहे आणि दर रविवारी फोन करतो. फोन किती वेळ चालला हे काका लगेच सांगतात. "आज चार मिनिटं. मागल्या बारीला तीन होतं."

आता आमच्याकडच्या पाण्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि होळी झाली की बारा दिवसांनी. त्यातून आमची घरं चढावर. आमच्या नळाला नुसती हवा येते, मग थोडी धार लागते आणि संपते. काकांचं घर गल्लीच्या तोंडाशी, उतारावर, तिथं मात्र भरपूर जोर. एकट्या माणसाला लागतं किती? दोन घागरी, एक ड्रम. म्हणून काकांनीच सगळ्यांना सांगितलं, "आणा तुमच्या नळ्या माझ्या अंगणात." तेव्हापासून सात घरांच्या नळ्या काकांच्या अंगणात येतात आणि पाळीपाळीनं त्यांच्या नळाला लागतात. दर घराला वीस मिनिटं. काका हातात घड्याळ घेऊन ओट्यावर उभे राहतात आणि स्टँडवरच्याच आवाजात पुकारा करतात, "लक्ष द्या, लक्ष द्या! सव्वासहाच्या कडाची नळी निघत हाय. साडेसातच्या बीडनं तयार ऱ्हावं!"

पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी गावाला जात नाही, लग्नालासुद्धा एकच जण जातो. दुपारी चारच्या सुमाराला पाणी आलं की सगळे काकांच्या अंगणात हजर. आपली पाळी येईपर्यंत करायचं काय? म्हणून काका सतरंजी अंथरायचे, चहा ठेवायचे आणि रजिस्टर काढायचे. रजिस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं : मुरूड-जंजिरा सहल, नियोजन.

ही सहल पाच वर्षं चालू होती. म्हणजे निघाली कधीच नव्हती, पण चालू होती.

मुरूडच का, तर काकांनी कुठंतरी ऐकलं होतं की तिथल्या किल्ल्याला चारी बाजूंनी समुद्र आहे आणि आत मात्र गोड्या पाण्याचं तळं आहे. "खाऱ्याच्या मधोमध गोडं! अन् आपल्या इथं दोनशे फूट बोर मारलं तरी फुफाटा. बगायला पायजे एकदा." जायचं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, परीक्षा झाल्या की लगेच, ऊन तापायच्या आत. एवढ्या एका गोष्टीवर पहिल्याच बैठकीत एकमत झालं. पुढं कशावरच झालं नाही.

काकांचं नियोजन मिनिटांचं असायचं. "जामखेडला च्या, बारा मिनिटं. त्यात लघवी धरलेली हाय." "घाटात उलटी, तीन मिनिटं, फकस्त मॅडमसाठी." मॅडम चिडायच्या. "काका, मला काई उलटी होत न्हाई!" "हुईल. पैल्यांदा घाट उतरताय तुमी. नोंद ऱ्हाऊ द्या." मग धपाटे न्यायचे की दशम्या यावर एक बैठक. मागच्या चाकावरच्या सीटवर कुणी बसायचं यावर दोन. सलीमभाईंनी एकदा विचारलं, "काका, समुद्रात आंघोळ केल्यावर अंगावरचं मीठ धुवायला पानी कुठनं आनायचं?" त्यावर तो पूर्ण उन्हाळा गेला. शेवटी घरून दोन कॅन भरून न्यायचे ठरले. समुद्राला जाताना आंघोळीचं पाणी घरून न्यायचं, हे फक्त आमच्याच गल्लीत ठरू शकतं, आणि त्यात कुणालाही काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही.

सगळं जमत आलं की काका स्वतःच चष्मा वर करून म्हणायचे, "थांबा. नियोजनात कसर हाय." आणि कसर सापडायचीच. कुणाच्या पुतण्याचं लग्न असायचं, कुणाचा निकाल लागायचा असायचा. मग रजिस्टर मिटायचं, पाणी जायचं, सगळे आपापल्या नळ्या गुंडाळून घरी. पुढच्या पाण्याला पुन्हा तेच.

मला या सगळ्याची गंमत वाटायची, पण मनातून मी वैतागलोही होतो. माझा स्वभाव घाईचा. बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "काकांच्या नियोजनानं गेलो तर मी समुद्र पुढच्या जन्मीच बघीन." ते मला लागलं. यंदा मार्चमध्ये एके सकाळी पाटोद्याहून साडेसातच्या बीडमध्ये बसलो, मोबाइल काढला आणि मांजरसुंबा यायच्या आत टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, मुरूडला खोल्या ठरवल्या, सगळं करून टाकलं. पाच वर्षांचं काम पाऊण तासात! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगितलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी सतरंजीवर बसून ही बातमी फोडली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. सलीमभाईंनी मला मिठी मारली. काका हातात पेन धरून बसले होते.

"गाडीबी ठरली?"

"ठरली काका."

"खोल्याबी?"

"त्याही. तुम्हाला काहीच करायचं नाही आता."

हे वाक्य मी किती आनंदानं बोललो होतो! आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "शनवारी निगायचं मंता? शनवारी पाणी हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुट्ट्या बघितल्या होत्या, भरती-ओहोटी बघितली होती, पण पाणी बघितलं नव्हतं. पाटोद्यात राहून मी पाण्याचा दिवस विसरलो होतो. हे पाणी चुकलं की पुढचं बारा दिवसांनी, म्हणजे मध्ये चोवीस दिवस कोरडे. मॅडम लगेच म्हणाल्या, "मग न्हाई जमायचं." गाडीवाल्याला फोन केला, तर पुढं दोन महिने त्याची गाडी लग्नांसाठी ठरलेली. माझ्या बायकोचा चेहरा उतरला.

"कावून रद्द करता?" काका म्हणाले. "मी थांबतो की. सातीच्या साती घरं भरून ठेवतो. तुमी जावा."

मी आग्रह केला. "असं कसं काका, तुमच्याशिवाय कशी सहल?" पण खरं सांगायचं तर जेवढा करायला हवा तेवढाच केला, त्याच्या वर एक शब्द नाही. मनातल्या मनात मला हायसं वाटलं होतं. माझं बुकिंग वाचलं होतं.

शनिवारी पहाटे गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे. सगळ्यांनी आपापल्या घराच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी प्रत्येकाला नियोजनाची एक प्रत दिली, प्रत्येक प्रत हातानं लिहिलेली. मॅडमना लिंबू आणि सुंठ वेगळी. मग डोकी मोजली, दरवाजा बाहेरून ओढून लावला आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "जामखेड, नगर, पुणे मार्गे मुरूडकडं जाणारी गाडी सुटत हाय!" आम्ही सगळे हसलो. गाडी वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

ती प्रत वाटेत कुणी उघडली नाही. ड्रायव्हर मोबाइल बघून चालवत होता. जामखेडला आम्ही थांबलोच नाही. मॅडमना मात्र घाटात उलटी झाली.

संध्याकाळी समुद्र दिसला. बायको चपला हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. सलीमभाई पाण्याकडे बघत म्हणाले, "या अल्ला! एवढं पानी, अन् एक घागर कामाची न्हाई." मी तिथूनच काकांना फोन लावला. मागं पाण्याचा आवाज येत होता.

"काका, समुद्र दिसला!"

"बरं झालं. आत्ता टाइम न्हाई मला. मॅडमचा दुसरा ड्रम लागलाय." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी होडीनं किल्ल्यात गेलो. ते तळं खरंच आहे. कठड्यावर वाकून बायको म्हणाली, "हे बघायला काका पाहिजे होते." मी हो म्हणालो आणि तिचा फोटो काढला.

परत आलो तर सात घरांतले ड्रम, टाक्या, घागरी, कळशा सगळं काठोकाठ. वर धुतलेली फडकी बांधलेली. आमच्या तुळशीला पाणी, मॅडमच्या खिडकीतल्या चिमण्यांच्या वाटीतही पाणी. एकट्या म्हाताऱ्यानं चढावर सात घरांत नळ्या ओढत, चढ-उतार करत अडीच तासांत हे कसं केलं, देव जाणे. त्यांचे खांदे भरून आले होते, हात वर होत नव्हता. आम्ही त्यांना शिंपल्यांचा गणपती दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि टीव्हीवर ठेवला.

त्यानंतरच्या पाण्याला मी ऑफिसातून जरा उशिरा आलो. काकांच्या अंगणात गेलो. नळ्या नेहमीसारख्या आलेल्या होत्या, पण माणसं नव्हती. नळी टाकायची, पाळी कधी ते विचारायचं आणि घरी जाऊन मोबाइल बघायचा, असं चाललं होतं. कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. सहल झाली होती, ठरवायचं काही उरलं नव्हतं. बसून करणार काय?

सतरंजी मात्र अंथरलेली होती. तिच्यावर चहाचे नऊ कप पालथे, आणि शेजारी रजिस्टर. काका ओट्यावर घड्याळ घेऊन उभे होते. पुकारा करत नव्हते. नळी बदलायची वेळ झाली की गुपचूप बदलत होते.

मला पहिल्यांदा कळलं की पाच वर्षं ते काय सांभाळत होते, आणि मी ते मांजरसुंबा यायच्या आत मोडून टाकलं होतं.

"काका, तुम्हाला यायचं होतं ना?" मी विचारलं.

"मला गाड्या सोडायची सवय हाय," ते नळाकडे बघत म्हणाले. "तीस वर्सं सोडल्या. मानसं मंतात, गाडी गेली की कंट्रोलरला आराम. गाडी गेल्यावर स्टँड कसं होतं, ते कुणी इचारत न्हाई." आणि मग लगेच, "तुमची नळी लागली बगा."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आमचा किल्ला बघायचा राहिलाच. वारं फार होतं. होड्या बंद होत्या."

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमच्या मंडळीनं फोटू पाठवलेत मला," ते म्हणाले. "किल्ल्यावर तोफेपाशी उबे हायत तुमी. पांढरी टोपी घालून."

मी खाली वाकून उगाच नळी घट्ट करायला लागलो. काका ओट्यावरून उतरले, गुडघ्याला हात देत सतरंजीवर बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि कोरं पान काढलं.

"होड्या बंद होत्या मंता?"

"हो."

"मंग परत जावं लागंल." त्यांनी वर तारीख घातली. एक कप सुलटा करून त्यात चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला. "बसा. बाकीचे येतीलच."

मी बसलो. पाणी गेलं तेव्हाही आम्ही दोघंच होतो.