झुडपाचं दार वाजवणारे महादूभाऊ

बोरीच्या झुडपावर कुऱ्हाड घालण्याआधी त्याचं दार वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. महादूभाऊ काठीने झुडपाच्या बुडाशी ठकठक करीत आणि वाकून विचारीत, "आहे का कोनी घरात?" मग हातातली बिडी संपेपर्यंत थांबत. एखादा सरडा पळाला, बेडूक उडी मारून गेला, की त्याला हात जोडीत आणि मगच कुऱ्हाड उचलत.

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. गिरड गावाजवळच्या सरकारी कुरणातली झुडपं तोडून गवत वाढवायचं काम निघालं होतं. महादूभाऊ मजुरांचे मुकादम, मी हजेरी लिहिणारा कारकून. त्यांच्या ठकठकीपायी काम रखडायचं आणि साहेबांची बोलणी मी खायचो. एकदा चिडून विचारलं, भाऊ, हे कुरण आहे की तुमच्या सोयऱ्यांचं गाव? ते शांतपणे म्हणाले, "बाबू, इचारायले काय जाते?"

खरं कारण मजुरांनी सांगितलं. पहिल्या वर्षी तोडलेल्या काट्यांचे ढीग वाळायला पंधरा दिवस पडून होते. आसपास सगळं सपाट, म्हणून सरडे, बेडूक, घोरपडी, सगळ्यांनी त्याच ढिगांत बिऱ्हाड केलं. महादूभाऊंनी स्वतःच्या हाताने काडी लावली. नंतर राखेत जे सापडलं ते पाहून दोन दिवस त्यांना घास गेला नाही. तेव्हापासून ही विचारपूस.

मी चिडलो त्याच साली नाल्याकाठची एक जाळी त्यांनी तोडलीच नाही. जेव्हा विचारावं तेव्हा आत सळसळ व्हायची. साहेब पाहणीला आले, जाळी पाहून तापले. आज तोडा, नाहीतर उद्यापासून मुकादमी सोडा म्हणाले. या कामाशिवाय भाऊंना दुसरं काहीच नव्हतं. भाऊ मात्र मान खाली घालून उभे, कुऱ्हाडीला हात लावेनात.

साहेबांनी थट्टेने आपली छडी जाळीवर आपटली. "कोण आहे रे घरात?"

फूत्कार करीत एक भलीमोठी घोरपड बाहेर आली. साहेब जे मागे उडाले ते थेट माझ्या अंगावर, आणि माझं हजेरीपुस्तक नाल्यात. घोरपडीने सगळ्यांना नीट पाहून घेतलं आणि सावकाश आत गेली.

"घरधनीन आहे, साहेब," भाऊ म्हणाले. "थे काही निघून नाई राह्यली."

आधी साहेबच हसले. मग जाळीच्या सावलीतलं हिरवं गवत त्यांनी बुटाने दाबून पाहिलं; उघड्यावरच्या गवताहून ते दाट होतं. ही राहू द्या म्हणाले, आणि पुढेही अधूनमधून एकेक झुडूप ठेवत जा.

त्या आनंदात मी संध्याकाळी भाऊंसोबत त्यांच्या घरी चहाला गेलो. पहिल्यांदाच. दाराला बाहेरून कडी होती. तरी भाऊंनी ठकठक केली. "आहे का कोनी घरात?" जरा थांबले, मग कडी काढली. वहिनी वारून चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी कधी फिरकलो नव्हतो. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी हजेरी लवकर आटोपून त्यांच्या आधी घरी पोचलो. चूल पेटवली, चहा ठेवला, दार लोटून बसलो. पावलं वाजली, दार वाजलं, प्रश्न आला.

"आहो न, भाऊ," मी आतून म्हणालो. "या, चहा उकळून राह्यला."

मग भाऊ दुपट्ट्याने डोळे पुसत आत आले.

"बाबू," ते म्हणाले, "साखर जरा जास्त टाकजो."