नव्या अकलेचं उद्घाटन

एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं. मुलांनो, गोष्टीत असं वाक्य आलं की समजावं, आता कुणीतरी सुधारणा करणार.

या जंगलाच्या मधोमध एक वड होता आणि वडाच्या बुंध्याला एक पेटी टांगलेली होती. तिला स्विच म्हणत. दिव्याचं बटण नव्हे, हात खाली करा. या पेटीतून प्रत्येक बिळात, ढोलीत आणि गुहेत एकेक तार गेली होती. एका तारेतून आलेला निरोप ज्याचा त्याला पोचवायचा, एवढंच तिचं काम.

पेटी शहाणी होती. कुणाचं बोलणं कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हे तिला नीट शिकवून ठेवलं होतं. उंच सागावर बसून वानर टेहळणी करायचा. बिबट्या कुठे आहे ते तो सांगायचा आणि ते फक्त हरणांना ऐकू यायचं. तार बिबट्याच्या गुहेतही गेली होती, कारण तोही रहिवासीच होता आणि भेदभाव केलेला जंगलाला खपत नसे. पण त्याला त्या तारेतून फक्त हवामान आणि भजनं ऐकू यायची.

या जंगलात मथुरा नावाची हरिणी राहायची. मागच्या उन्हाळ्यात तिचं पाडस गेलं, तेव्हा ही पेटी नव्हती. यंदाचं पाडस तिने पेटीच्या भरवशावर वाढवलं होतं. वानराचा निरोप आल्याशिवाय ती पाण्यावर उतरत नसे.

एके दिवशी डोंगरापलीकडच्या कंपनीतून कोल्हा आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर.

“पेटीचं नवं फर्मवेअर आणलंय,” तो म्हणाला.

फर्मवेअर म्हणजे पेटीची अक्कल. पेटी तीच ठेवून आतली अक्कल बदलता येते. माणसांत ही सोय नाही, म्हणून निवडणुका घ्याव्या लागतात.

“बीटा आहे,” कोल्हा पुढे म्हणाला. “बाकीच्या सगळ्या जंगलांच्या आधी तुम्हाला!”

भात शिजला की नाही हे स्वतः शीत चेपून न बघता, पाहुण्याला वाढून बघायचं, याला बीटा म्हणतात. कंपनीने तसं प्रामाणिकपणे लिहूनही दिलं होतं. आधी बिनकामाच्या पेटीवर लावून पाहा. जुनी मांडणी, म्हणजे पेटीला शिकवलेलं सगळं, जपून ठेवा. चालू पेटीला हात लावू नका.

पेट्यांची देखभाल साळिंदराकडे होती. त्याने ही सूचना सभेत मोठ्याने वाचली. ती सगळ्यांना पटली. उंदराच्या बिळापाशी एक जादा पेटी धूळ खात पडली होती, तिच्यावर आधी लावून बघायचं ठरलं.

घोडं तिथेच अडलं. या जंगलात उद्घाटनाशिवाय काही सुरू करत नसत. पायवाट असो नाहीतर पाणवठा, फीत कापायची, नारळ फोडायचा आणि अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचे. अध्यक्ष होता गवा. त्याला सगळे आबा म्हणत.

“मी उंदराच्या बिळाशी येऊ?” आबा म्हणाले. “मांडव कुठे घालणार? मंडळी बसणार कुठे?”

“आबा, नुसती चाचणी आहे,” साळिंदर म्हणाला.

“मग चाचणीचं उद्घाटन वडाखाली करू. सावली आहे.”

“पण वडाखाली चालू पेटी आहे.”

“बरं झालं. म्हणजे नवीन टांगायला नको.”

मथुरा गर्दीतून पुढे आली. “आबा, आपल्या पेटीत काही बिघाड आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय मग? बिघाड व्हायची वाट बघत बसायचं का?”

सभेने टाळ्या वाजवल्या. मथुरा मागे गेली. तिचं काही चुकलं नव्हतं, पण ती एकटी होती आणि टाळ्या पुष्कळ होत्या.

उद्घाटन थाटात झालं. आबांचे दोन शब्द नेहमीप्रमाणे लांबले. मुहूर्त टळायला आला, तशी साळिंदराने घाईघाईने नवी अक्कल आत सोडली. पेटीने विचारलं, जुनी मांडणी जपून ठेवायची का?

“हे काय मध्येच?” आबा नारळ उचलून उभे होते.

“थोडा वेळ लागेल, आबा.”

“मुहूर्त काय पेटीला विचारून काढलाय? नाही म्हण.”

साळिंदराने नाही म्हटलं. नारळ फुटला. पेटीवर हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

नवी अक्कल चांगलीच चपळ होती. निरोप पूर्वीपेक्षा लवकर पोचू लागले, आवाजही स्वच्छ झाला. फक्त कुणाचं कुणाला ऐकू द्यायचं नाही, हे शिकवलेलं सगळं पेटी विसरली. कोरी पेटी भोळी असते. एकाने सांगितलेलं ती सगळ्यांना सांगते.

सुरुवातीला मजा आली. घुबडाचं आणि घुबडिणीचं भांडण सगळ्या जंगलाने जेवता जेवता ऐकलं. कुणीतरी साळिंदराला विचारलं, तर तो म्हणाला, “नवीन आहे. बसेल हळूहळू.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सागावरून वानर बोलला, “बिबट्या गुहेत झोपलाय. हरणांनो, पश्चिमेच्या डोहावर जाऊन निवांत पाणी पिऊन घ्या.”

मथुराला इतका स्वच्छ निरोप कधीच आला नव्हता. तिने पाडसाला उठवलं आणि ती डोहाकडे निघाली.

गुहेत बिबट्या हवामान ऐकत पडला होता. त्यालाही इतका स्वच्छ निरोप कधी आला नव्हता. तोही उठला.

वानराने त्याला जाताना पाहिलं आणि जिवाच्या आकांताने हाका मारल्या. त्या सगळ्या बिळांत, ढोल्यांत आणि गुहांत पोचल्या. डोहावर तार नव्हती.

मथुरा परत आली ती एकटीच. हा भाग मला सांगवत नाही, म्हणून सांगत नाही.

वडाखाली शोकसभा भरली. आबांनी दोन शब्द सांगितले. मग सगळ्यांनी शांतता पाळली आणि पेटीने ती शांतता घरोघरी पोचवली.

“ताई, पेटीत दोष नाही,” साळिंदर म्हणाला. “निरोप तुम्हाला पोचला ना?”

“पोचला.”

“वेळेवर?”

“वेळेवर.”

“मग?”

“भाऊ,” मथुरा म्हणाली, “तो फक्त मलाच पोचायचा होता.”

साळिंदराने पेटी उघडून पाहिली. जुनी मांडणी परत लावायला ती आधी कुठेतरी ठेवलेली असावी लागते. वानराने बोलणं सोडलं. हरणं पूर्वीसारखी कान टवकारून, अर्धपोटी चरू लागली.

काही दिवसांनी कंपनीकडून निरोप आला, नव्या अकलेबद्दल आपला अनुभव कळवा. हरणांनी तो ऐकला आणि ती गप्प राहिली. तारेत जे बोलावं ते गुहेत ऐकू जातं, हे आता त्यांना ठाऊक होतं.

अभिप्राय एकच गेला, गुहेतून. “अत्यंत उपयुक्त. पूर्वी नुसती भजनं यायची. आता शेजाऱ्यांशी संबंध वाढले. हीच अक्कल कायम ठेवावी, ही नम्र विनंती.”

आलेले सगळे अभिप्राय उत्तम आहेत, असं कंपनीने जाहीर केलं आणि बीटा हा शब्द काढून टाकला. कोल्ह्याला बढती मिळाली. ती अक्कल आता आसपासच्या सगळ्या जंगलांत जाते आहे आणि आबांना उद्घाटनांतून सवड नाही.

तात्पर्य: नव्या सुधारणेला उगाच नावं ठेवू नयेत. ती कुणाच्या ना कुणाच्या पथ्यावर पडतेच. आपण हरीण आहोत की बिबट्या, एवढं मात्र नारळ फुटायच्या आधी बघून घ्यावं.